बर्फवाले भैया आणि तिसरा ग्लास

बर्फवाले भैया काहीही पिण्याआधी तीन थेंब जमिनीवर टाकत. चहा असला तरी, आणि खोकल्याचं औषध असलं तरी. थेंब टाकताना हळूच म्हणत, "पहिले त्यायले." त्यायले म्हणजे ज्यांना आपण पोचवून आलो त्यांना. त्यांच्या आईच्या माहेरी, कांकेरच्या पुढच्या जंगलात, मोहाची दारू प्यायला बसले की पहिले थेंब मेलेल्यांना देतात. भैयांनी ती सवय चहापर्यंत आणली होती. मला त्याची गंमत वाटायची. पण एक गोष्ट पहिल्यापासून गमतीची वाटली नाही. त्या थेंबांना मुंग्या लागत नसत. आमच्या घरात साखरेचा एक दाणा सांडला तर ओट्यापर्यंत रांग लागते. वर भैयांच्या खोलीतल्या लाल फरशीवर मात्र पाकाचे थेंब दिवसभर तसेच वाळायचे. मुंग्या यायच्या, दोन बोटांवर थांबायच्या आणि वळून जायच्या.

आमचं घर भनपुरीला, ट्रकांच्या गोदामांच्या मागे. वरची एक खोली आम्ही भाड्याने देतो. भैया तिथे चार वर्षं राहिले. शहरातल्या एका मोठ्या हॉटेलच्या बारमध्ये ते दारूचे ग्लास बनवायचं काम करत. वडील आमच्यासारखेच, भंडाऱ्याकडून आलेले ट्रक ड्रायव्हर. आई छत्तीसगढी. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात मराठी, हिंदी आणि होकाराचं छत्तीसगढी 'हव' एकाच वाक्यात असायचं. हॉटेलातून येताना ते थर्मासमध्ये बर्फ घेऊन यायचे, चौकोनी, काचेसारखा स्वच्छ. शेजारच्या कोणाला ताप आला की वरून बर्फ मागवायचा. म्हणून सगळा पारा, म्हणजे मोहल्ला, त्यांना बर्फवाले भैया म्हणायचा. दारूच्या कामाचं नाव कुणी घेत नव्हतं. फक्त माझ्या सासूबाई घ्यायच्या. "दारू पाजते लोकायले, अन बोलते कसा, पुजाऱ्यावानी," असं त्या म्हणायच्या, आणि गुडघा सुजला की बर्फही त्याच मागायच्या.

कामावरून आल्यावर त्यांना लगेच झोप यायची नाही. पहाटे नळ येईपर्यंत ते जागेच असत. मी जिन्याखाली बादल्या लावायला गेले की वरून पेय हलवून मिसळायच्या शेकरचा आवाज यायचा. लोखंडी डब्यात कोणी दात हलवावेत तसा. ते स्वतःसाठी नवे नवे ग्लास बनवून बघत. गोल बाजारातून वाळलेलं बेल आणायचे, मोहाची फुलं, चिंच, खडे मसाले. एकदा रात्रभर भिजवलेल्या भाताचं, म्हणजे बासीचं, पाणी गाळून त्यात आलं आणि गूळ घातला. एकदा गोदामातली ताडपत्री पावसात भिजली की जसा वास येतो तसा ग्लास बनवायचा म्हणून आठ दिवस बसले. मी विचारलं, "कोण पिणार भैया असं?" तर म्हणाले, "हॉटेलात लोकायले पाहिजे ते बनवतो दीदी. घरी मले पाहिजे ते." बनवलं की काडीने एक थेंब हाताच्या पाठीवर घ्यायचे, चाखायचे आणि डोळे मिटायचे. त्या वेळी त्यांचा चेहरा एखादं दूरचं बोलणं ऐकणाऱ्या माणसासारखा व्हायचा.

माझी आणि त्यांची ओळख झाली ती डाळीमुळे.

मी गोदामातल्या माणसांसाठी डबे करते. तेव्हा वीस डबे होते. मी फारशी कुणाशी बोलत नाही, पण डब्यातून मी बोलते असं मला वाटायचं. रिकामे डबे चाटूनपुसून परत आले की दिवस बरा जायचा. मग तो मोठा आजार आला. घरात सगळ्यांना ताप आला. सगळ्यांचा वास गेला आणि सगळ्यांचा परत आला, माझा नाही. कांदा, रॉकेल, अत्तर, सगळं पाण्यासारखं. जिभेला फक्त खारट, गोड आणि तिखट टोचायचं. मी घरात कोणालाही सांगितलं नाही. अंदाजाने फोडणी द्यायची, रंग बघून उतरवायचं. डबे अर्धे परत यायला लागले. सासूबाई म्हणायच्या, "हात गेला वो तुझा. बंद कर ते डबे." डबे बंद झाले असते तर माझ्याजवळ माझं म्हणून काय राहिलं असतं, ते मला माहीत नव्हतं.

एका पहाटे मी चुलीजवळ उभी होते. भैया जिन्यावरून धावत खाली आले. "दीदी, दाल जळून राहिली!" मी पातेल्याच्या बाजूलाच होते. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना समजलं. मी पदर तोंडाला लावला. सासूबाई आत झोपल्या होत्या. भैया आवाज खाली आणून म्हणाले, "कवापासून?"

"तापापासून."

"कोणाले सांगितलं?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मंग मी बी नाही सांगत. नाक गेलं नाही दीदी, झोपून राहिलं. उठवू त्याले."

त्या दिवसापासून रोज पहाटे दोन ग्लास व्हायला लागले. एक काचेचा, त्यांचा, दारूचा. एक स्टीलचा, माझा, बिनदारूचा. काचेच्या ग्लासातलं प्यायलं म्हणजे दारूच, असं आमच्याकडे समजतात, म्हणून त्यांनी माझ्यासाठी स्टीलचा ठरवला. मी पाणी भरून वर जायची, उंबऱ्याबाहेर बसायची, ते आत. कधी लवंग जाळून तिचा धूर ग्लासात कोंडायचे, कधी मोसंबीची साल काडी लावून पेटवायचे. मग एका वहीवर पेन ठेवून ती वही माझ्याकडे सरकवायचे. "लिहा. काय लागते ते लिहा." मी लिहायची, 'थंड'. 'टोचते'. 'काही नाही'. पानंच्या पानं 'काही नाही' लिहिलं असेल. ते कधी कंटाळले नाहीत. "काही नाही कसं? अंधार बी दिसतेच ना?" असं म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी वेगळं काही बनवायचे.

आईचा विषय निघाला की त्यांचा आवाज बदलायचा. आईचं नाव फुलबाई. ती दारूला शिवली नव्हती, आणि मुलाच्या हातचं सरबत पिऊनही तिने कधी चांगलं म्हटलं नव्हतं. "निंबू जास्त झाला, असंच म्हणे. मरतानी पाणी पाजलं त बी म्हणे, गरम आहे." हे सांगून ते खूप हसले होते. तिला जाऊन सात वर्षं झाली होती.

भाद्रपदात तिची तिथी आली. मला ते माहीत नव्हतं. मी पहाटे वर गेले. भैया आंघोळीला गेले होते. मोरीतून पाण्याचा आवाज येत होता. आत ओट्यावर त्यांचा काचेचा ग्लास झाकून ठेवलेला होता. उंबऱ्यावर स्टीलचा ग्लास होता, भरलेला, काठोकाठ. मला वाटलं, आज मला थांबावं लागू नये म्हणून माझा ग्लास बाहेर ठेवला. मी बसले आणि प्यायले.

आधी थंड लागलं. मग नाकात काहीतरी आलं. इतक्या दिवसांनी आलं की मला ते दुखल्यासारखं वाटलं. ओल्या पेंढ्याचा वास होता, लाकडाच्या धुराचा होता, आणि त्याच्यावर एक उग्र, गोडसर, तंबाखूचा वास. गुडाखूचा. इकडच्या बायका दातांना लावतात तो काळा लगदा. आमच्या घरात कोणी लावत नाही. मी ग्लासात पाहिलं. त्यात लिंबू आणि आलं होतं, बाकी काही दिसत नव्हतं. वास ग्लासातून येत नव्हता. तो माझ्या अगदी बाजूने येत होता, कोणी खांद्याला खांदा लावून बसल्यासारखा. मी मान वळवली नाही.

ग्लास संपला. कोणाच्या घरी प्यायलं की भांडं विसळून ठेवायचं, ही लहानपणापासूनची सवय. मी वरच्या नळाखाली ग्लास विसळला. अंगठ्याखाली खरखरीत लागलं. पाहिलं तर ग्लासावर ठिपक्या ठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं, भांड्यांवर दुकानदार कोरून देतात तसं. फुलबाई. माझ्या रोजच्या ग्लासावर काहीच नव्हतं. तो आत, फळीवर, पालथा होता.

मी तो ग्लास उंबऱ्यावर पालथा घातला आणि खाली पळाले.

खाली येऊन डाळीला फोडणी दिली आणि हिंगाचा वास आला. मग मोहरीचा. मग कढीपत्त्याचा. मी चुलीसमोर उभी राहून रडत होते. सासूबाई उठून आल्या. "काहून रडून राहिली वो? कांदा त चिरलाच नाही अजून."

त्या दिवशी वीसच्या वीस डबे चाटूनपुसून आले.

दुसऱ्या दिवशी मी भैयांना सांगितलं की नाक उठलं. ते लहान मुलासारखे टाळ्या वाजवत उठले. मग त्यांनी विचारलं, "पहिले कशाचा वास आला?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "गुडाखूचा."

ते खाली बसले. बसल्या बसल्या म्हणाले, "माझी माय करे गुडाखू. सकाळ-संध्याकाळ." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "काल तिची तिथी होती. दरवर्षी तिचा ग्लास ठेवतो. संध्याकाळी झाडाले टाकतो, भरलेला राहते म्हणून. काल रिकामा झाला, दीदी."

तेव्हा सांगायला हवं होतं. पण त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मी नुसती "हो का," म्हणाले. जे सांगायला जमत नाही ते माझ्या पोटात फार दिवस राहतं. हेही राहिलं.

महिनाभराने मला उंबऱ्यावर मुंग्या दिसल्या. भैयांनी तीन थेंब टाकले, "पहिले त्यायले" म्हणाले, आणि थेंब वाळायच्या आत मुंग्यांची रांग तिथे येऊन चिकटली. ते बघत राहिले. मग त्यांनी हाताच्या पाठीवर थेंब घेतला, चाखला, डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ मिटले. उघडून मला म्हणाले, "तुमी सांगा, काय लागते?"

आता रोज तेच व्हायला लागलं. पूर्वी मी काय लिहिते याची ते वाट बघायचे ती माझ्यासाठी. आता वही हातात आली की ओळीवर बोट ठेवून वाचायचे. "'पहिले इलायची येते, मग धूर'. मंग? धुराच्या मागं काय आहे?" मी आणखी लिहायची. एकाच ग्लासात दोनदा लिंबू पिळलेलं मला लागायचं. कधी लवंग इतकी असायची की जीभ बधिर व्हायची. मी लिहायची नाही. त्यांना वाईट वाटेल म्हणून.

मग एका पहाटे मी जिन्यावर होते आणि जळका वास आला. वर गेले तर खोलीत धूर भरला होता. कढईत साखर जळून काळी झाली होती, आणि भैया तिच्यासमोर उभे राहून शांतपणे चमचा फिरवत होते. लाईट गेलेली होती, मेणबत्तीच्या उजेडात त्यांना रंग दिसत नव्हता. मी ओरडले, "भैया, जळून राहिलं!"

त्यांनी कढईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डाळीच्या दिवशी आम्ही दोघं जसे उभे होतो तसेच उभे होतो. फक्त जागा बदलल्या होत्या.

"कवापासून?" मी विचारलं.

"मायच्या तिथीपासून," ते म्हणाले. "ना ताप, ना सर्दी. आंघोळ करून बाहेर आलो, साबणाचा वास नव्हता."

मी गॅस बंद केला. माझ्या नाकात साखरेचा, मेणाचा आणि त्यांच्या हातांना कायम लागलेल्या मोसंबीच्या सालीचा वास येत होता. एवढे वास मला कसे येतात, ते मला माहीत होतं.

पुढचे काही महिने त्यांनी माझ्या शब्दांवर काम केलं. मी पहाटे बिनदारूचं चाखून वहीत लिहायची, ते पाठ करून हॉटेलात तसं माप घालायचे. काही दिवस चाललं. पण दारूचा वास मी सांगू शकत नव्हते, आणि लोक ग्लास परत पाठवायला लागले. हॉटेलवाल्यांनी त्यांना आधी बाटल्या मोजायला लावलं, मग ग्लास पुसायला. ते घरी बर्फ आणायचे तसाच, पण शेकर वाजायचा नाही. थर्मासमध्ये बर्फाचं सकाळपर्यंत पाणी व्हायचं. ते पाणी ते तुळशीला घालायचे. त्यातही आधी तीन थेंब जमिनीवर. सासूबाई एकदा म्हणाल्या, "तुमच्या डब्ब्याच्या खडखडीनं झोप मोडे, तं शिव्या देत होती मी. आता खडखड नाही, तं झोपच नाही येऊन राहिली."

होळीनंतर त्यांनी सामान बांधलं. आईच्या गावी जातो म्हणाले, मामाची शेती आहे. मी डब्यात पोळ्या बांधून वर गेले. उंबऱ्याबाहेर, माझ्या जागी बसले. आयुष्यात मी फार कमी गोष्टी स्वतःहून बोलले आहे. ही बोलले.

"भैया, फुलबाईंचा ग्लास मी प्यायला. मला वाटलं माझा आहे."

ते पेटीला दोरी बांधत होते. गाठ मारून झाल्यावर म्हणाले, "मालूम आहे."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. मेलेले लोकं ग्लास धुऊन पालथा नाही घालत, दीदी." आणि ते हसले, आईचं सांगताना हसायचे तसे.

मला हसता आलं नाही. "मग बोलले का नाही?"

"मी बोललो असतो तं तुमी म्हटलं असतं, वापस घ्या. कसं द्यायचं ते तुमाले नसतं समजलं, पण तुमी काही ना काही केलं असतं. मंग वीस डब्बे कोणी बनवले असते? मायनं तिच्या हातानं दिलं. तिनं कवा कोणाले काही चांगलं नाही म्हटलं. तुमाले दिलं, तं काही पाहूनच दिलं असंल."

जाताना शेकर, वही आणि तो नाव कोरलेला ग्लास माझ्यासाठी ठेवून गेले. रिक्षात बसताना म्हणाले, "तिले रोज ठेवत जा. मायले वाईट बनवलेलं बी चालते, फक्त ठेवलं पाहिजे."

मी ठेवायला लागले. नळ आला की वर जाते, खोली अजून रिकामीच आहे, माझ्या नवऱ्याने दुसरं कोणी ठेवलं नाही. लिंबू, आलं, थोडा गूळ. हाताच्या पाठीवर थेंब घेऊन चाखते. तीन थेंब टाकते, "पहिले त्यायले" म्हणते, आणि भरलेला ग्लास उंबऱ्यावर ठेवून बाजूला बसते. पहिले कित्येक दिवस मुंग्या यायच्या. मी पुसून काढायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकायची. मग एका पहाटे गुडाखूचा वास आला. त्याच जागेवरून, खांद्याजवळून. त्या दिवसापासून मुंग्या थेंबांना शिवत नाहीत. ग्लास संध्याकाळपर्यंत भरलेलाच राहतो. मी तो तुळशीला घालते. भीती वाटते का, तर वाटते. पण मी उठून जात नाही.

पावसाळा सरत आला होता तेव्हा एका सकाळी फोन वाजला. मी डबे भरत होते. नंबर ओळखीचा नव्हता. गावात फोन लागत नाही, टेकडीवर चढावं लागतं, हे त्यांनी पूर्वी सांगितलं होतं. वाऱ्याचा मोठा आवाज येत होता.

"दीदी," बर्फवाले भैया म्हणाले, "आज आलं जास्त झालं."

माझ्या हातात झाकण होतं. ते तसंच राहिलं. त्या पहाटे घाई होती. मी आलं ठेचून तसंच टाकलं होतं आणि चाखायला विसरले होते.

"तुम्हाला कसं..."

"इकडं काहीच लागत नाही. भात, मिरची, काहीच नाही. पण पहाटे, तुमचा नळ येते ना, त्या टाइमाले तोंडात चव येते. एक ग्लासभर. माय पिते अन मले समजते." वाऱ्यात मध्येच आवाज तुटला. मग हळूच म्हणाले, "रोज निंबू-आलंच काहून बनवता? ते तिले आवडे. मले कंटाळा आला."

मी रडत होते की हसत होते, मला सांगता येणार नाही. "मग काय बनवू?"

"मोसंबीची साल जाळा. धूर कोंडा. येते तुमाले. वहीत आहे."

दुसऱ्या दिवशी मी पहाटे वर गेले. सालीला काडी लावली. तेल चटचट उडालं आणि खोलीभर त्यांच्या हातांचा वास पसरला. शेकर पहिल्यांदाच मी वाजवला, खालून सासूबाई खाकरल्या. हाताच्या पाठीवर थेंब घेतला. धूर आधी, मग कडू, मग शेवटी एक बारीक गोड. बरोबर होता. तीन थेंब टाकले आणि ग्लास ठेवून बाजूला सरकून बसले, दुसऱ्याला जागा राहील इतकी.

मुंग्यांची रांग भिंतीकडून आली, दोन बोटांवर थांबली आणि वळून गेली.